जंगलातला भयपट: मराठवाड्यात चित्रीकरणाची आखणी कशी करावी

भयपटातलं जंगल पडद्यावर दुर्गम दिसलं पाहिजे, पण युनिटसाठी ते दुर्गम असता कामा नये. जिथे गाडी पोहोचत नाही तिथे ४५ माणसांचं युनिट नेलं, की रात्रीचे पहिले दोन-तीन तास सामान वाहण्यातच जातात. पहाटे माणसं थकतात, दिग्दर्शक घाईला येतो आणि नेमके त्याच वेळी दचकवणारे सीन उरकले जातात. दचकवणं हा सगळा वेळेचा खेळ असतो. अर्धा सेकंद इकडे-तिकडे झाला तर प्रेक्षक हसतो. म्हणून असा सीन सात-आठ टेक मागतो, आणि तेवढा निवांतपणा रस्त्यापासून दोनशे मीटरच्या आतच मिळतो.

मराठवाड्यात जंगल कुठे आहे, असं विचारणारे बरेच भेटतात. किनवट-माहूरचा सागाचा पट्टा, पैनगंगेच्या दोन्ही काठांवरचं अभयारण्य, कन्नडजवळचा गौताळा, धाराशिवकडचा येडशी-रामलिंग घाट या जागा भयपटासाठी उत्तम आहेत. फक्त त्यांचा स्वभाव कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या रानासारखा नाही. हे पानगळीचं रान आहे, आणि आखणीला सुरुवात तिथूनच होते.

संहितेची फोड: कॅमेऱ्याला किती दूरचं दिसायला हवं?

नेहमीच्या ब्रेकडाउनमध्ये सीन नंबर, दिवस की रात्र, आत की बाहेर, पात्रं, प्रॉपर्टी (सीनमध्ये लागणाऱ्या वस्तू) असे रकाने असतात. त्यात आणखी एक रकाना घाला: या सीनमध्ये कॅमेऱ्याला किती मीटरपर्यंतचं दिसायला हवं? रात्रीचे बहुतेक सीन बारकाईने वाचले तर उत्तर दहा-पंधरा मीटर निघतं. टॉर्चचा गोल, चेहरा, दोन-चार खोडं, मागे काळोख. असा सीन घ्यायला खरं जंगल लागत नाही. शेतकऱ्याने बांधालगत किंवा दोन-तीन एकरांत लावलेली सागाची बाग पुरते, जुनी आमराई पुरते, नदीकाठचं बाभळीचं बन पुरतं. तिथे मालकाची लेखी संमती आणि ग्रामपंचायत-पोलिसांना पत्र एवढ्यावर काम होतं, आणि जनरेटर झाडापर्यंत जातो.

सागाच्या बागेत एक अडचण येते. झाडं सरळ ओळीत लावलेली असतात. कॅमेरा ओळीच्या समोर लावला की फसवणूक लगेच उघडी पडते. तो ओळींना तिरका, साधारण ३० अंशांवर लावायचा. शिवाय आर्टच्या माणसांनी वाळलेल्या फांद्या, घाणेरीची झुडपं आणि दोन-चार आडवी खोडं यांनी ती शिस्त मोडायची.

आता दिवसांचा हिशोब. समजा ९० पानांची संहिता आहे. त्यात रात्रीचं जंगल ४० पानं, दिवसाचं जंगल २० आणि घराच्या आतलं ३०. रात्रीच्या उघड्या जंगलात एका शिफ्टला अडीच पानांपेक्षा जास्त धरू नका. दिवसा चार पानं होतात, घरातही चार. म्हणजे १६ रात्री, ५ दिवस आणि घराचे ८ दिवस, एकूण २९. दिवसाच्या शिफ्टमधून रात्रीच्या शिफ्टमध्ये जाताना आणि परत येताना प्रत्येकी एक दिवस मोकळा सोडावा लागतो. त्यात आठवड्याची सुट्टी मिळवली की ३५ दिवस होतात. हा आकडा पाहून बहुतेक निर्माते कपातीला लागतात. पण कापायची असेल तर पानं कापा, रात्री कापू नका. ४० पैकी खरोखर दूरचं जंगल दिसणारी पानं १०-१२ च निघाली, तर त्यांना पाच रात्री द्या आणि बाकीची पानं बागेत रोज तीन पानांच्या वेगाने घ्या. घरातले रात्रीचे सीन खिडक्या-दारांना काळं कापड लावून दिवसाच्या शिफ्टमध्ये उरकतात. तिथे रात्र वाया घालवू नये.

कोणत्या महिन्यातलं रान?

संहितेत नुसतं ‘घनदाट जंगल’ लिहिलेलं असतं. किनवटचं रान सप्टेंबर-ऑक्टोबरात खरंच घनदाट असतं. डिसेंबर-जानेवारीपासून साग पानं टाकायला लागतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये नुसते सांगाडे उभे असतात. भयपटाला दोन्ही चालतं, पण एका चित्रपटात दोन्ही चालत नाही. नोव्हेंबरात सुरू केलेलं शेड्यूल अडकलं आणि उरलेलं काम फेब्रुवारीत गेलं, तर एकाच रात्रीच्या दोन शॉटमध्ये झाडं वेगवेगळी दिसतात. मध्येच पळस फुलला तर लाल-केशरी फांदी चौकटीत येते, ती वेगळीच.

आमच्या मते सगळ्यात सोयीचा काळ मध्य-नोव्हेंबर ते जानेवारी. नांदेडकडे डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि पावणेसातच्या आसपास उगवतो, म्हणजे कामाला जवळपास साडेबारा तास अंधार मिळतो. मेमध्ये हाच अंधार दहा तासांवर येतो. थंडीमुळे तोंडातून वाफ दिसते, धूर जमिनीलगत टिकतो, साप कमी फिरतात. मात्र माहूरला डिसेंबरात दत्तजयंतीला आणि त्याआधी नवरात्रात भाविकांची एवढी गर्दी असते की लॉज मिळत नाहीत. त्या तारखा शेड्यूलमधून आधीच वगळा.

मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. फुलं वेचायला गावकरी भल्या पहाटे रानात येतात, आणि तीच फुलं खायला रात्री अस्वलं येतात. मोहाच्या झाडाखाली त्या दिवसांत रात्रीचं लोकेशन ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. पुढे एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्त्याची तोडणी असते, रानात माणसांची ये-जा वाढते. तो त्यांच्या वर्षाच्या कमाईचा काळ असतो. तेव्हा त्यांच्या वाटेवर दोर बांधून ‘इकडून जाऊ नका’ म्हणायला आपण कोण?

रेकी: एकदा उजेडी, एकदा अंधारी

रेकी म्हणजे चित्रीकरणाआधी जागेची पाहणी. दिवसाच्या रेकीला दिग्दर्शक, छायाचित्रकार आणि कलादिग्दर्शक हवेतच. रात्रीच्या रेकीला ध्वनिमुद्रक, लाईटचा प्रमुख माणूस आणि प्रॉडक्शन कंट्रोलर गेलाच पाहिजे, कारण अडचणी याच तिघांच्या वाट्याच्या असतात. शूटिंगच्या वेळेलाच जा आणि रात्री दहा ते दोन तिथे थांबा. तेव्हा कळतं की शेतीच्या थ्री-फेज विजेची पाळी रात्रीची आहे आणि बारा वाजता आजूबाजूच्या दहा मोटारी एकदम सुरू होतात. ऊसपट्ट्याजवळ असाल तर गळीत हंगामात ट्रॅक्टर गाणी लावून रात्रभर जात असतात. लग्नसराईतला डीजे तीन किलोमीटरवरून ऐकू येतो. पाळीचं वेळापत्रक गावातल्या वायरमनला विचारा आणि त्याप्रमाणे संवादाचे सीन ज्या आठवड्यात दिवसाची पाळी असेल तिथे सरकवा.

रेकीत चार गोष्टी स्थानिक माणसाला सोबत घेऊन, त्याच्या तोंडून खात्री करून घ्यायच्या:

- तारेतला करंट. रानडुकरांपासून पीक वाचवायला काही ठिकाणी शेताभोवती बेकायदा वीज सोडलेली तार असते. अंधारात ती दिसत नाही आणि तिने माणसं मेलेली आहेत. जंगलाच्या कडेला काम असेल तर आजूबाजूच्या प्रत्येक शेतकऱ्याला प्रत्यक्ष भेटा. सरपंचाला विचारून भागत नाही.
- विहिरी. कठडा नसलेल्या विहिरी आणि सोडून दिलेले खड्डे. प्रत्येकाभोवती दहा मीटरवर बांबू आणि चमकणारी पट्टी.
- आग्या मोहोळ. उंच झाडं आणि कडे दिवसा दुर्बिणीतून पाहा. मोहोळाखाली धूर नको, त्याच्या रोखाने मोठा लाईट नको. दोन्हींनी माश्या उठतात.
- दवाखाना. जवळचं ग्रामीण रुग्णालय किती मिनिटांवर आहे, तिथे सर्पदंशाची लस आणि विंचूदंशावर देतात ते प्राझोसिन आहे का, रात्री डॉक्टर असतो का. हे फोनवर विचारू नका, जाऊन विचारा.

रेकीच्या शेवटी एक हाताने काढलेला नकाशा तयार व्हायला हवा. त्यात कॅमेऱ्याची जागा, जनरेटर, मेकअपची खोली किंवा तंबू, शौचालय, गाड्या आणि मोबाईलला नेटवर्क मिळणारा सगळ्यात जवळचा बिंदू दाखवलेला असावा. तो शेवटचा बिंदू लोक विसरतात. अपघाताच्या वेळी १०८ ला फोन कुठून लागतो हे स्पॉट दादापासून हिरोइनपर्यंत प्रत्येकाला माहीत हवं.

परवानग्या: कोणत्या दारात आधी जायचं

जमीन कोणाची हे आधी ठरवा. सातबारा खाजगी असेल तर मालक. गायरान असेल तर ग्रामपंचायत आणि तहसील. वनखात्याची जमीन असेल तर उपवनसंरक्षकांचं कार्यालय, आणि प्रत्यक्ष व्यवहार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांशी. अभयारण्य असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली परवाना लागतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्या कलमात चित्रीकरणाचा उल्लेख आहे, पण अधिवासात काहीही बदल न करता आणि त्याला बाधा न आणता, या अटीवर. अभयारण्यात सूर्यास्तानंतर थांबायला मिळेल असं धरून शेड्यूल करू नका. तिथे दिवसाचे वाइड (दूरवरचं रान दाखवणारे) शॉट घ्या. रात्र बाहेर करा.

महाराष्ट्रात चित्रीकरणासाठी एक खिडकी योजना आहे. ती गोरेगावच्या महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळामार्फत चालते. अर्ज तिथे करा, पण एक प्रत घेऊन स्थानिक कार्यालयातही जा. वनरक्षकाला तुमचं युनिट कोण आहे, किती गाड्या आहेत, काय करणार आहे हे आधीच माहीत असेल तर निम्मे प्रश्न उठतच नाहीत. वनखात्याच्या कागदासाठी दीड-दोन महिने हाताशी ठेवा.

किनवट तालुक्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे ग्रामसभेला पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या) कायद्याने अधिकार आहेत, आणि काही गावांकडे वनहक्क कायदा २००६ खाली सामूहिक वनहक्कही असू शकतात. म्हणून वनखात्याचा कागद हातात असला तरी ग्रामसभेपुढे जाऊन बोला. काम काय आहे, किती रात्री आहे, गावातल्या किती जणांना रोजगार मिळेल आणि रोज किती, हे स्पष्ट सांगा आणि लिहून द्या.

इथेच एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. गोंड, कोलाम, आंध, प्रधान, बंजारा समाजांची देवस्थानं आणि विधी उचलून त्यांचं भूत करू नका. भीतीचं मूळ ‘आदिवासींचा देव’ असं दाखवणं हा आळशीपणा आहे, आणि ज्यांच्या अंगणात तुम्ही महिनाभर राहणार त्यांचा तो अपमान आहे. गावच्या देवाच्या जागेवर सेट लावू नका, आर्टला तुमचा देव तुम्हीच घडवायला सांगा. कथेत करणी, भगत, नरबळी असेल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वाचून घ्या आणि संहिता वकिलाच्या नजरेखालून घाला. पात्राने भोंदूगिरी करणं वेगळं, आणि चित्रपटाने ती खरी ठरवून तिचा प्रचार करणं वेगळं.

ड्रोन उडवायचा असेल तर ड्रोन नियम २०२१ प्रमाणे नोंदणी, प्रमाणपत्रधारक चालक आणि डिजिटल स्काय नकाशावरचा हिरवा पट्टा हे बघावं लागतं. हिरव्या पट्ट्यातली मर्यादा ४०० फुटांची आहे. वनक्षेत्रावर वनखात्याची परवानगी वेगळी.

उजेड: काळोख दाखवायलाही लाईट लागतो

नवख्या युनिटची चूक ठरलेली असते. पात्रावर समोरून लाईट, मागे काळा पडदा. असं केलं की जंगल नाहीसंच होतं आणि माणूस खोलीत उभा असल्यासारखा दिसतो. रात्रीच्या रानात दृश्याची खोली (डेप्थ) मागच्या उजेडाने येते. पात्राच्या ४०-५० मीटर मागे, सहा-सात मीटर उंचीवर एक कडक लाईट ठेवा, त्याच्यापुढे हलका धूर सोडा. मग खोडं काळी कापल्यासारखी उभी राहतात आणि त्यांच्यामधल्या फटी भरतात. पात्राच्या चेहऱ्यावर पांढऱ्या कापडावरून उसळलेला अगदी थोडा उजेड पुरतो, बाकीचं त्याच्या हातातली टॉर्च करते. कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ४३०० केल्विन आणि मागचा लाईट ५६०० ठेवला तर चांदणं थोडं निळसर येतं. त्याहून निळं केलं की नाटकातलं चांदणं होतं.

हे बसवायला मोठी जनरेटर व्हॅन लागतेच असं नाही. हिशोब असा: १२०० वॉटच्या वर्गातला एक एलईडी, त्याची प्रत्यक्ष खेच दीड किलोवॉटपर्यंत धरा. ३०० वॉटचे तीन, म्हणजे ९०० वॉट. बॅटऱ्यांचं चार्जिंग ४०० वॉट. एकूण २.८ किलोवॉट. पाच केव्हीएचा आवाज न करणारा पेट्रोल जनरेटर सुमारे चार किलोवॉट देतो, आणि तो पाऊण क्षमतेवरच चालवावा. म्हणजे बरोबर बसलं. घात होतो तो धुराच्या यंत्रामुळे. त्याची कॉइल अधूनमधून आपोआप तापते आणि एकदम हजार-दीड हजार वॉट ओढते. नेमका शॉट चालू असताना व्होल्टेज खाली जातं आणि लाईट लुकलुकतो. धुराचं यंत्र वेगळ्या छोट्या जनरेटरवर ठेवा.

जनरेटर आवाजासाठी शंभर मीटर लांब, उंचवट्याच्या मागे न्यावा लागतो. तिथे केबल बारीक वापरली की नुकसान. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलवर, १२ अँपिअरला, शंभर मीटरमध्ये सुमारे १८ व्होल्ट पडतात. सहा चौरस मिलिमीटरची घेतली तर सातच्या आसपास. भाडं थोडं जास्त पडलं तरी सहाचीच घ्या. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि अर्थिंगचा सळा अनिवार्य. दवाने जमीन ओली असते आणि लाईटमन चपलेवर फिरत असतो. जनरेटरवर गोणपाट टाकून आवाज दाबू नका, तो तापतो. वाळूच्या पोत्यांची भिंत तिन्ही बाजूंनी, थोडं अंतर सोडून उभी करा.

टॉर्च ही या चित्रपटातली मुख्य प्रॉपर्टी असते, आणि ती बाजारातून येता-येता घेतली जाते. स्वस्तातली एलईडी टॉर्च डोळ्याला स्थिर दिसते, कॅमेऱ्यात मात्र तिच्यावर आडवे पट्टे सरकतात, कारण तिचा उजेड आत वेगाने चालू-बंद होत असतो. पाच-सहा प्रकारच्या टॉर्च आणा, अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या भिंतीवर मारा आणि शूटिंगच्याच फ्रेमरेटवर रेकॉर्ड करून पाहा. पूर्ण ब्राइटनेसला स्वच्छ दिसणारी टॉर्च मंद केल्यावर पट्टे देते, म्हणून दोन्ही तपासा. पास झालेल्या मॉडेलचे चार नग घ्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. सेकंदाला २५ फ्रेमला १/५० सेकंदाचा शटर, २४ फ्रेमला १७२.८ अंशांचा शटर ठेवला तर गावातल्या बल्ब-ट्यूबचाही त्रास होत नाही.

सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आकाशात निळा उजेड उरतो. जंगलाचा रात्रीचा वाइड शॉट तेव्हाच घ्यायचा. आकाशापुढे झाडांचे शेंडे दिसतात आणि एक लाईटही लागत नाही. एका संध्याकाळी असा एकच शॉट धरा. साडेचारलाच कलाकार उभे करून तालीम पूर्ण करा.

आवाज

वाळलेलं सागाचं पान जवळजवळ सुपाएवढं असतं, आणि पाय पडला की पापडासारखं मोडतं. पात्राच्या पावलाखाली ते सोनं आहे, युनिटच्या पावलाखाली शाप. कॅमेऱ्याच्या ट्रॉलीची आणि बूमवाल्याची (लांब दांडीवर माइक धरणाऱ्याची) वाट झाडून घ्या, त्यावर ओलं गोणपाट अंथरा. चौकटीत दिसणाऱ्या वाटेवर संवाद असेल तर गोणपाटावर पातळ थर पानांचा टाका. मोडण्याचा आवाज वेगळा, सीन संपल्यावर मुद्रित करा.

रातकिडे संध्याकाळी जोरात असतात, थंडी वाढते तसे मंदावतात. आठ वाजताचा शॉट आणि पहाटे चारचा शॉट शेजारी जोडले की मागचा आवाज उडी मारतो. म्हणून दर तासाला दोन मिनिटं सगळ्यांनी थांबायचं आणि नुसतं रान मुद्रित करायचं. संवाद कॉलर माइक आणि बूम दोन्हींवर, बूम तोंडापासून हातभरावर. भयपटाची निम्मी भीती ध्वनीवर तोललेली असते, म्हणून ध्वनिसंयोजनाचा पैसा शूटिंगच्या खर्चात वळवू नका.

आग, धूर, रक्त, प्राणी

राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो, पण वाळलेली पानं तारीख पाहत नाहीत. राखीव वनात आग पेटवणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे. शेकोटीचे सीन खाजगी, नांगरलेल्या जमिनीवर करा, भोवती पाच मीटर पालापाचोळा काढा, पाण्याचे दोन ड्रम आणि दोन अग्निशामक जवळ ठेवा. रानात लागणाऱ्या शेकोटीच्या उजेडासाठी एलईडीवर ज्वाळेचा इफेक्ट लावा. निखाऱ्यावर धूप टाकून धूर करायची जुनी पद्धत इथे नको, ठिणगी उडते. पाणी-ग्लायकॉलचं यंत्र वापरा. विडी-सिगारेटची जागा गाड्यांपाशी ठरवून द्या, वाळूची बादली ठेवून.

रक्तासाठी साखरेचा पाक सगळे वापरतात, तो चमकतोही छान. पण रानात तासाभरात मुंग्या, दिवसा माश्या, आणि रात्री गोडाच्या वासाने अस्वलाला आमंत्रण. एक लिटर पाण्यात आठ-दहा ग्रॅम ग्वार गम (गवारीच्या बियांची पूड) नीट घोटा, गुठळी होऊ देऊ नका. त्यात खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको घाला. निळ्या चांदण्यात रक्त काळं दिसतं, म्हणून रात्रीसाठी रंग थोडा उजळ ठेवा आणि कॅमेऱ्यावर चाचणी घ्या. ज्या कपड्यांवर रक्त येणार त्यांचे चार संच. तोंडात जाणारं मिश्रण त्याच दिवशी बनवलेलं.

प्रोस्थेटिक (कृत्रिम त्वचा, जखमा चिकटवण्याच्या) मेकअपला तीन तास धरा आणि तो कलाकाराच्या अंगावर पाच-सहा तासांपेक्षा जास्त ठेवू नका. म्हणजे भूताचे सीन रात्री नऊ ते दोनमध्येच.

कुत्रा, शेळी, गाय दाखवायची असेल तर चित्रीकरणाआधीच भारतीय पशुकल्याण मंडळाची परवानगी लागते. नंतर सेन्सॉरला ती मागतात. साप, घुबड, माकड, अस्वल विसरा, ते व्हीएफएक्सने करा किंवा नुसत्या आवाजाने.

पाणी

५० माणसांना पिण्या-धुण्यासाठी रोज ६००-७०० लिटर धरा. पावसाचा सीन असेल तर हजारो लिटर जातात. उन्हाळ्यात जे गाव टँकरवर आहे तिथे कृत्रिम पाऊस पाडू नये, एवढी लाज युनिटला असावी. तो सीन कालव्याच्या पट्ट्यात न्या किंवा ऑगस्टमध्ये घ्या.

माणसं

रात्रीच्या शिफ्टचा सगळ्यात मोठा धोका जंगलात नसतो, परतीच्या रस्त्यावर असतो. रात्रभर सेटवर जागलेला ड्रायव्हर पहाटे सहाला गाडी चालवतो, आणि हंगामात रस्त्यावर मागे रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात. रात्री नेणारे आणि सकाळी आणणारे ड्रायव्हर वेगळे ठेवा, आणि सकाळचे ड्रायव्हर रात्री झोपलेत याची जबाबदारी एका नावावर लिहा. मुक्काम लोकेशनपासून ४० मिनिटांच्या आत हवा.

एका रात्रीचा साधा आराखडा असा: दुपारी दोनला मेकअप आणि आर्ट, साडेचारला तालीम, पावणेसहाला वाइड शॉट, साडेसातपासून मुख्य सीन, साडेबाराला जेवण, पहाटे साडेतीनला चहा आणि काही खायला, साडेचारला शेवटचा शॉट. मेकअप-आर्टची आणि कॅमेऱ्याची हजेरी वेगवेगळी ठेवा, नाहीतर एकाच माणसाचे पंधरा तास होतात. मध्यरात्री भात-गोड कमी. भाकरी, पिठलं, भाजी, वरण. स्वयंपाक मुक्कामी करून आणा, रानात चूल नको आणि खरकटंही नको.

धावण्याचे सीन अंधारात सगळ्यात जास्त जायबंदी करतात. ४० मीटर लांब, दीड मीटर रुंद वाट दिवसा साफ करा, खड्डे बुजवा, डोळ्यांच्या उंचीवरच्या फांद्या बांधून बाजूला घ्या. कलाकाराला पाऊण वेगाने पळवा, कॅमेरा हलला की तेवढं पुरतं. फास, झाडाला लटकणं, उंचीवरून पडणं यांना साहसदृश्य दिग्दर्शक आणि हार्नेस असल्याशिवाय हात लावू नका. सगळ्यांच्या पायात घोट्याच्या वर येणारे बूट. बसण्याआधी टॉर्च मारायची, जमिनीवर झोपायचं नाही. मण्यार झोपलेल्याला चावते आणि दुखत नाही म्हणून कळत नाही.

लहान मूल असेल तर बालकामगार नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, तीन तासांच्या पुढे विश्रांतीशिवाय नाही, आणि कमाईच्या किमान २० टक्के मुलाच्या नावे ठेव. त्याचे रात्रीचे सीन दिवसा घ्या. सूर्य मागे ठेवा, आकाश चौकटीबाहेर, दीड-दोन स्टॉप कमी एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स टंगस्टन, म्हणजे चित्र गडद आणि निळसर येतं. दाट सावलीच्या बागेत हे छान उतरतं. आणि मुलाला घाबरवून अभिनय काढून घेऊ नका. भूत झालेल्या कलाकाराचा मेकअप मुलासमोर बसून करा.

महिलांसाठी वेगळं शौचालय आणि कपडे बदलायचा तंबू, उजेडात आणि वर्दळीच्या बाजूला. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असली की लैंगिक छळविरोधी अंतर्गत समिती कायद्याने बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांचे नंबर कॉलशीटवर (रोजच्या कामाच्या वेळापत्रकावर) छापा.

पैसा आणि प्रमाणपत्र

अंदाजपत्रकाच्या १५ टक्के राखीव ठेवा. रात्रीच्या जंगलात दहा टक्के पुरत नाहीत, अवकाळीची एक रात्र तेवढं खाऊन जाते. अशा रात्रीसाठी घरातला एक सीन कायम हाताशी तयार ठेवा, सेट लावलेला, कलाकार ठरलेले. युनिटचा अपघात विमा पहिल्या दिवसाआधी उतरवा.

२०२४ च्या नियमांनंतर यूए हे प्रमाणपत्र ७, १३ आणि १६ वर्षांच्या टप्प्यांत विभागलं आहे. ए (फक्त प्रौढांसाठी) मिळालं तर टीव्हीसाठी पुन्हा काटछाट करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. म्हणून किती रक्त दाखवायचं ते शूटिंगआधी ठरवा, आणि शंका असलेल्या शॉटचा सौम्य पर्याय त्याच रात्री घेऊन ठेवा. नंतर ते रान, तो मेकअप, ती पानं पुन्हा मिळत नाहीत.

डेटाच्या तीन प्रती, दोन मुक्कामी आणि एक रोज शहराकडे जाणाऱ्या गाडीत. थंड लेन्स गरम खोलीत आणून लगेच बॅग उघडू नका, आत दव धरतं.

शेवटच्या रात्रीनंतर एक पूर्ण दिवस सहा माणसांना सफाईसाठी द्या आणि तो शेड्यूलमध्ये लिहा. झाडांना बांधलेल्या तारा, दोऱ्या, खिळे, बॅटरीचे सेल, मेकअपचा कापूस, धुराच्या द्रवाचे डबे सगळं मोजून परत आणा. वनरक्षक आणि जागामालकाला सोबत घेऊन फेरी मारा, त्यांची सही घ्या आणि गावातल्या मजुरांची उरलेली मजुरी त्याच दिवशी हातात द्या.